लागू नसेल ते खोडा

समोरच्या इमारतीतल्या तारमास्तरांनी किराणा दुकानात, चार माणसांदेखत, मला सांगितलं की माझा डावा पाय उजव्यापेक्षा कमी फिरतो.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे आज मला कळतं. त्या वेळी मात्र मी हातात साबणाची वडी घेऊन उभा होतो आणि माझे कान तापले होते. कंबरदुखीवर डॉक्टरांनी मला रोज सकाळी पंधरा मिनिटं उताणं पडून हवेत सायकल चालवायला सांगितली होती. आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून एक सतरंजीभर जागा मोकळी आहे, आणि खिडकी चांगली गुडघ्यापासून डोक्यापर्यंत उंच आहे. आता पन्नाशीच्या माणसाने अर्ध्या चड्डीत, छताकडे पाय करून, नसलेली सायकल हाकणं ही त्याची आणि त्याच्या डॉक्टरांची आपापसातली गोष्ट असते. तिसऱ्याने ती बघू नये. बघितली तर बोलू नये. आणि बोलायचंच असेल तर निदान पायांची तुलना करू नये. दुकानदाराने वजन करता करता हात थांबवला आणि माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं. मागच्या बाईंनीही पाहिलं. घरी जाताना मी दोन्ही पाय मुद्दाम सारखे टाकत गेलो, त्यामुळे सबंध रस्ताभर लंगडत होतो असं नंतर कळलं.

घरात शिरल्या शिरल्या मी जाहीर केलं की खिडकीला पडदा लागलाच पाहिजे. बायको नको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवते आणि त्या खिडकीशी बसून वह्या तपासते, कारण आमच्या घरात उजेड येतो तो तेवढ्या एकाच ठिकाणाहून. पूर्वी तिथे पडदा होता, तेव्हा तिने एका अख्ख्या तुकडीच्या सातांना एक समजून मार्क कापले होते, आणि त्या मुलांचे पालक घरी आले होते. तिचं म्हणणं, मास्तर एकटे असतात, दिवसभर खिडकीत बसून दुसरं काय बघणार, तुम्ही लांब पँट घाला. प्रश्न पँटचा नसून प्रतिष्ठेचा आहे, हे मी तिला दोनदा समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने बरोबरची खूण केली. ती वहीवर होती.

अशा वेळी माझा मेहुणा येतो. हा बायकोचा धाकटा भाऊ. कुठल्याही घरात अडचण तयार व्हायला लागली की याला कसा कोण जाणे पत्ता लागतो, आणि मग अडचण पूर्ण करायला तो जातीने हजर होतो. काचांचं काम करणाऱ्या एका कंपनीत तो आहे. माझी हकिकत ऐकून त्याने खिशातून तळहाताएवढी एक पांढरी चकती काढली, तिला दोन वायरी जोडल्या, आणि बटण दाबताच चकती गायब झाल्यासारखी स्वच्छ झाली. तिच्यातून मला मेहुण्याचा डोळा दिसला. बटण सोडलं, डोळा गेला, पुन्हा दूध.

मग त्याने मला ती वस्तू समजावून दिली. दोन पातळ पापुद्र्यांच्या मध्ये पॉलिमरचा थर असतो. त्या थरात द्रव स्फटिकाचे थेंब असतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. वीज नसली की प्रत्येक थेंब आपल्या मनाला येईल त्या दिशेला तोंड करून बसतो, उजेड त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो, आणि फिल्म पांढरी दिसते. वीज दिली की सगळे एका दिशेला तोंड करतात आणि उजेड सरळ आरपार जातो. उजेड आत येतो तो दोन्ही वेळा. फक्त दिसायचं तेवढं बंद होतं. मला हे ताबडतोब पटलं, कारण मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. साहेब जागेवर नसले की आमच्याकडेही प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला असतं आणि कामाचा कागद कुठे आपटून कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. साहेब आले की सगळे सरळ. मग आमच्या आरपार दिसतं, कारण मध्ये अडायला काही नसतंच.

ही फिल्म दवाखान्यांत लावतात, मोठ्या कचेऱ्यांच्या बैठकीच्या खोल्यांना लावतात, आणि दुकानांच्या दर्शनी काचेला लावून मागून तिच्यावर चित्रंही दाखवतात, असं तो सांगत होता. शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. आयुष्यात मी ज्या ज्या वाक्यांकडे लक्ष दिलं नाही त्यांची यादी केली तर हे पहिल्या पाचांत येईल.

एका दवाखान्याच्या कामातून उरलेला तुकडा आमच्या खिडकीच्या मापाचा निघाला. "भाऊजी, दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणून मेहुणा रविवारी सकाळी नऊला चिकटवायला बसला आणि दुपारी तीनला उठला. मधल्या काळात मी शिडी धरली, पाणी फवारलं, एकदा काचेच्या आणि फिल्मच्या मध्ये माझा शर्ट चिकटवून घेतला. एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिला, तो दिसायला थेट बदकासारखा. तो आपोआप जाईल असं मेहुणा म्हणाला. बदक अजून आहे. खिडकीच्या कडेला एक तांब्याची पट्टी, तिच्यापासून सरकत्या काचेच्या खाचेतून गेलेली वायर, एक गुणगुणणारी डबी आणि एक स्विच, एवढा संसार मांडून तो जेवायला बसला. लपायला काहीच लागत नाही आणि दिसायला मात्र वीज लागते, हा विचार मला फार खोल वाटला. मी तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोघांना ऐकवला. दोघांनीही पाण्याच्या तक्रारींचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

पुढचे चार दिवस मी राजासारखा व्यायाम केला. हिवाळ्याचे दिवस होते, सकाळी साडेसहाला बाहेर अंधार असायचा. मी ट्यूबलाइट लावायचो, स्विच बंद ठेवायचो, खिडकी पांढरीशुभ्र, आणि तिच्या आड मी. कोणी बघत नाही म्हटल्यावर माणूस मोकळा होतो. सायकल झाल्यावर मी चड्डी सारखी करायचो, उरलेल्या केसांतून कंगवा फिरवायचो आणि आमच्या साहेबांना जे तोंडावर सांगता येत नाही ते हातवारे करून सांगायचो. चौथ्या दिवशी साखर घ्यायला गेलो तर समोरच्याच इमारतीत राहणारा दुकानदार आपुलकीने म्हणाला की काल सायकल जरा लवकर आटोपलीत. आणि ते नंतरचं भाषणही चांगलं असतं म्हणाला, फक्त कोणाशी चालतं ते कळत नाही.

मी बायकोला दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उभं केलं आणि स्वतः नेहमीप्रमाणे कार्यक्रम केला. ती बऱ्याच वेळाने वर आली. तोंडाला पदर होता. खिडकी म्हणजे सिनेमाचा पडदा झालाय, असं तिने सांगितलं. मागे भिंतीवर ट्यूब, मध्ये मी, पुढे पांढरी फिल्म. माझी सावली काळीकुळकुळीत उमटते आणि पाय चार-चार फुटांचे दिसतात. पूर्वी एकटे तारमास्तर बघायचे, ते म्हातारपणाच्या नजरेनं, धूसर. आता समोरच्या इमारतीचे तिन्ही मजले चहा घेऊन बसतात. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी खुर्च्या बाहेर काढल्या आहेत.

यानंतर सल्ले सुरू झाले. काचेला वर्तमानपत्र चिकटवा, असं एक जण म्हणाला. दुसऱ्याने उजव्या कुशीवर सायकल चालवायला सांगितलं. दुकानदाराने विनंती केली की सातला सुरू केलंत तर मुलंही उठलेली असतात. मी ट्यूब बंद करून अंधारात व्यायाम करायचं ठरवलं, आणि पहिल्याच दिवशी डाव्या पायाचा अंगठा टीपॉयवर असा आपटला की डावा पाय आता खरोखरच कमी फिरू लागला. म्हणजे तारमास्तरांचं म्हणणं मी स्वतःच्या खर्चाने खरं करून दाखवलं.

एवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली. यांना दोन्ही इमारती पोटनियम म्हणतात, कारण ते साधा नमस्कार केला तरी कुठल्यातरी पोटनियमाखाली करतात. इमारतीच्या बाह्य स्वरूपात विनापरवाना बदल, असा माझ्यावर आरोप होता. सोबत अर्जाचा नमुना. चौथा रकाना असा: खिडकीची काच पारदर्शक / अपारदर्शक, लागू नसेल ते खोडा.

मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज परत पाठवत आलो आहे. माझा अर्ज कोणी परत पाठवेल ही कल्पना मी कधी केली नव्हती. पहिल्यांदा मी काहीच खोडलं नाही, कारण दोन्ही लागू होतं. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. मग मी दोन्ही खोडलं, तर "मग खिडकी आहे का?" असा शेरा मारून परत आला. तिसऱ्यांदा मी एक सविस्तर जोडपत्र लिहिलं आणि दोन फोटो लावले, एक पांढरा, एक स्वच्छ. पोटनियमांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की फोटोंवरून खिडक्या दोन दिसतात आणि परवानगी एकीचीच मागितली आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

सावलीवर इलाज म्हणून मेहुण्याने पंख्याला असतो तसा एक रेग्युलेटर आणून बसवला. अर्धवट वीज द्यायची, म्हणजे सावलीही नाही आणि दर्शनही नाही. प्रत्यक्षात दोन्ही अर्धं अर्धं मिळायला लागलं. वर तो बसवताना त्याने सरकती काच जोरात लोटली आणि खाचेतली वायर चेपली. तेव्हापासून, दिवसा खिडकी स्वच्छ ठेवली की ती मधूनच मिटायची. क्षणभर पांढरी, पुन्हा स्वच्छ. कधी पटकन, कधी जरा लांबण लावून. मी मेहुण्याला कळवलं. तो रविवारी येतो म्हणाला. कुठला रविवार ते त्याने सांगितलं नाही, हे मी फोन ठेवल्यावर ध्यानात आलं.

त्याच आठवड्यात समोर तारमास्तरांच्या खिडकीतला दिवाही लुकलुकू लागला. या भागातली वायरिंगच मेली खराब, असं मी बायकोला म्हणालो. मला त्यांच्याबद्दल थोडी सहानुभूतीही वाटली.

आठव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात तारमास्तर. इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात रबरबँड लावलेली एक वही. ते आत येऊन बसले, बायकोने दिलेलं पाणी प्यायले आणि म्हणाले की आठ दिवस मी तुम्हाला उत्तरं देतोय आणि तुम्ही दखल घेत नाही, हे तारखात्याच्या रीतीला धरून नाही.

मला काही कळेना. त्यांनी वही उघडली. ते एकतीस वर्षं तार ऑफिसात होते; लांब आणि तोकड्या टकटकीतून अक्षरं उचलायची हे त्यांचं काम. तार बंद झाल्याला जमाना लोटला, पण कान आणि डोळे काही निवृत्त होत नाहीत. आमची खिडकी मिटायला लागली तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं की हा संदेश आहे. बराचसा भाग लागत नव्हता. पाठवणारा नवशिका आहे असं समजून त्यांनी धीर धरला. "पण परवा संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी," ते वहीवर बोट ठेवून म्हणाले, "तुम्ही मला माकड म्हणालात."

वहीत लिहिलं होतं: म, क, ड.

हे तर मकड झालं, असं मी म्हणालो. घाबरलेला माणूस काय वाटेल ते बोलतो.

"काना गळालाय," तारमास्तर म्हणाले. "तारेत काने गळतात. एकतीस वर्षं लोकांचे गळलेले काने मी भरून दिलेत. माझा मी भरणार नाही का?"

मी त्यांना वायर दाखवली, खाच दाखवली, बदकसुद्धा दाखवलं. ते म्हणाले, वायर बिघडली तर बिघडेल, पण तिला म, क आणि ड ओळीने कसे सुचतील? दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटनियमांकडे लेखी तक्रार दिली. पोटनियमांच्या आयुष्यात खिडकीने शिवी दिल्याची तक्रार प्रथमच येत होती. त्यांनी येत्या रविवारी अकरा वाजता आमच्याच घरी चौकशी लावली.

रविवारी ते दोन सभासदांना घेऊन आले. हे दोन सभासद सबंध चौकशीत बिस्किटांशिवाय कशालाही हात लावणार नव्हते. तारमास्तर खिडकीसमोरच्या खुर्चीत वही उघडून बसले, पेन्सिल तयार. बायको कोपऱ्यात वह्या तपासत होती. आणि मेहुणा, जो पाच रविवार चुकवून सहाव्याला येतो असा त्याचा लौकिक, तो नेमका याच रविवारी आला.

त्याने काच सरकवून सगळ्यांना चेपलेली वायर दाखवली. खालच्या रस्त्यावरून काही गेलं की भिंत थरथरते, वायर सुटते आणि खिडकी मिटते, असं तो म्हणाला. तेवढ्यात खालून ट्रक गेला आणि खिडकी लांब मिटली. मागून स्कूटर गेली, खिडकी पटकन मिटली. मेहुणा चेंडू झेलल्यासारखा आमच्याकडे बघत होता. त्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आधी दोन ट्रक गेले असणार, मग ट्रक, स्कूटर, ट्रक, आणि मग एक ट्रक आणि दोन स्कुटरी, एवढंच.

तारमास्तर या सगळ्या वेळात पेन्सिलीने उतरवून घेत होते. पोटनियमांनी त्यांना विचारलं की आता खिडकी काय म्हणते आहे. त्यांनी कागदाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग खाली रस्त्याकडे. पेन्सिल थांबली.

"गाड्या होत्या आजोबा," मेहुणा आनंदाने म्हणाला. "कोणी काही म्हणतच नव्हतं."

तारमास्तरांनी वही मिटली. रबरबँड लावायला गेले तो त्यांच्या हातून निसटून माझ्या पायाशी पडला, आणि मिटलेली वही पुन्हा उघडली. मी रबरबँड उचलून द्यायला वाकलो तेव्हा पान दिसलं. आठ दिवसांच्या तारखा, वेळा, काळ्या शाईत आमच्या रस्त्यावरची रहदारी, न लागणारी अक्षरं, खोडून पुन्हा जुळवलेली. आणि प्रत्येक ओळीखाली तांबड्या शाईत त्यांनी दिव्याने दिलेलं उत्तर. कोण बोलतंय. पुन्हा पाठवा. लागलं नाही, पुन्हा पाठवा. मी इथेच आहे, सावकाश पाठवा.

तक्रार मागे घेतो, असं ते म्हणाले आणि उठायला लागले. त्या खुर्चीतून उठायला त्यांना दोन प्रयत्न लागले. येताना ते सरळ आले होते.

मी बायकोकडे पाहिलं. उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलाकडे ती वर्गात बघत असेल, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"सगळं गाड्यांचं नव्हतं," मी म्हणालो. "सहा दहाचं माझं होतं."

बिस्किटं थांबली. मेहुण्याने तोंड उघडलं, तेव्हा बायकोने त्याला आतून साखर आणायला पाठवलं. पोटनियमांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत विचारलं की तुम्हाला तारेची भाषा येते का. मी म्हणालो, तीन अक्षरांपुरती येते.

"आणि काना?" तारमास्तरांनी विचारलं.

"काना येत नाही. म्हणून तर राहिला."

तारमास्तर पुन्हा खुर्चीत बसले. त्यांची पाठ हळूहळू सरळ झाली, मान वर आली, आणि गळ्याचं बटण त्यांनी एकदा चाचपून पाहिलं. इतका संतापलेला आणि इतका टवटवीत माणूस मी एकाच वेळी पूर्वी पाहिला नव्हता.

"म्हणजे तुम्ही मला माकड म्हणालात."

"म्हणालो."

पोटनियमांनी ते इतिवृत्तात घेतलं, माझं नाव, हुद्दा आणि वेळ घालून. आमच्या सोसायटीच्या दप्तरात आता कायमचं नमूद आहे की मी, वय वर्षं एक्कावन्न, पाणीपुरवठा कार्यालयातला जबाबदार कर्मचारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला खिडकीतून माकड म्हणालो. त्यावर माझी सही आहे. मग लेखी माफी मागावी असं ठरत होतं, तेव्हा तारमास्तर म्हणाले, लेखी नको. अपमान ज्या मार्गाने आला त्याच मार्गाने माफी यायला हवी. पोटनियमांनी नियमावली पुढून चाळली, मागून चाळली. याच्या विरुद्ध कुठे काही सापडेना. शेवटी खिडकीला रोज संध्याकाळी साडेपाच ते पावणेसहा, केवळ क्षमायाचनेच्या कारणास्तव आणि क्षमायाचना पूर्ण होईपर्यंत, उघडझाप करण्याची परवानगी मिळाली. चौथ्या रकान्यात काय खोडायचं ते नंतर बघू म्हणाले.

लोकांत बातमी पसरायला एक दिवस लागला. दुकानात, माझा पाय बघणाऱ्या त्या बाईंनी मी शेजारी उभा राहिल्यावर पिशवी दुसऱ्या हातात घेतली. ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून वडीलधाऱ्यांशी कसं वागावं याबद्दल चार शब्द सांगितले, आणि मी मान खाली घालून ऐकले. एका पायाच्या टीकेवरून मी जी प्रतिष्ठा वाचवायला निघालो होतो तिचा असा निकाल लागला. घरी आल्यावर बायकोने न विचारता चहा ठेवला. मेहुण्याने वायर बदलून दिली होती. माझ्या सावलीचा प्रश्नही बायकोनेच सोडवला: तिने टेबललॅम्प उचलून खिडकीच्या कडेला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि मागची ट्यूब बंद केली. सावली मागच्या भिंतीवर गेली. यासाठी रेग्युलेटर, दोन फोटो आणि एक अंगठा खर्ची पडला होता.

तारमास्तरांनी स्वतःच्या अक्षरात सगळी अक्षरं एका पुठ्ठ्यावर काढून पाठवली. मजकूर बायकोने ठरवला: चूक झाली, माफ करा. पहिल्या दिवशी मी साडेपाचला स्विचपाशी बसलो आणि घाम गाळत ते पाठवलं. समोरचा दिवा लुकलुकला. पुठ्ठा बघत बघत मला उत्तर लावायला वीस मिनिटं लागली. लागलं नाही, पुन्हा पाठवा, असं होतं. दुसऱ्या दिवशी अक्षरांमधलं अंतर चुकलं. तिसऱ्या दिवशी घाई केलीत म्हणाले. पाचव्या दिवशी ते स्वतः आले, माझं मनगट धरून त्यांनी ते स्विचवर सैल ठेवायला शिकवलं, आणि तुमचा हात जड आहे म्हणाले. कोणाचा हात कसा आहे हे दोनशे मैलांवरून कळायचं, एक जण तर रात्रपाळीला झोपेत पाठवायचा आणि तरी त्याचा काना कधी गळला नाही, असं बराच वेळ सांगत बसले.

हळूहळू माफीबरोबर इतर मजकूरही जायला लागला. उद्या पाणी किती वाजता, असं ते विचारत. मी वेळ कळवत असे. एकदा त्यांनी विचारलं की आज दिवसभर खिडकी पांढरी का होती. बायकोला ताप होता, ती खिडकीशीच झोपून होती. मी ते पाठवलं. अर्ध्या तासाने ते लिंबं घेऊन दारात उभे.

एकदा रात्रीच्या जेवणाला बसलो असताना बायको सहज म्हणाली की माफी तिसऱ्या दिवशीच बरोबर गेली होती. वह्या तपासता तपासता तिने पुठ्ठा केव्हाच पाठ केला होता, आणि खिडकीशी बसून ती रोज मोजत असे. तिसऱ्या दिवशी एकही अक्षर चुकलं नव्हतं, अंतरंही ठीक होती. मग मास्तरांना का लागली नाही, असं मी विचारलं. तिने माझ्या ताटात भाजी वाढली.

परवा संध्याकाळी ऑफिसातून येताना फाटकात पोटनियम भेटले. हातात माझी फाइल. तारमास्तरही तिथेच, फिरून आलेले. पोटनियम म्हणाले की चार महिने झाले, प्रकरण बंद करायचं आहे, वर्षअखेरीला इतिवृत्त लागतं, तेव्हा क्षमायाचना पूर्ण झाली की नाही ते तक्रारदाराने सांगावं.

तारमास्तरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"अजून नाही," ते म्हणाले. "हात सुधारतोय. पण माफीला चालेल असा नाही झालेला."

पोटनियमांनी तसं लिहून घेतलं आणि माझी काही हरकत आहे का विचारलं. मी नाही म्हणालो. साडेपाचला पाच मिनिटं कमी होती. तारमास्तर त्यांच्या जिन्याकडे वळले, मी माझ्या.